दार उघडं असतानाचे पाच सेकंद

प्रवासी विमानातल्या कॉकपिटच्या दाराबाहेर आणखी एक अडसर बसवायचा, असा नियम अमेरिकेने केला आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : कॉकपिटचं दार बंदुकीच्या गोळीलाही दाद देत नाही असं वाचलं होतं. मग त्याच्यापुढे आणखी एक फाटक कशाला?

उत्तर : दार बंद असेल तोवर गरज नाही. गरज पडते ती दार उघडतं तेव्हा, आणि ते उघडावं लागतंच. वैमानिकांना स्वच्छतागृहात जायचं असतं, त्यांचं जेवण आत पोचवायचं असतं, लांबच्या उड्डाणात पाळी बदलायची असते. बहुतेक विमानांत पुढचं स्वच्छतागृह कॉकपिटच्या दाराबाहेर, गॅलीला म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराला लागून असतं. त्यामुळे वैमानिक बाहेर पडला की त्या घटकेला प्रवाशांच्या आणि विमानाच्या नियंत्रणांच्या मध्ये काहीच उरत नाही.

हिशेब करून पाहा. पहिल्या रांगेपासून दारापर्यंतचं अंतर तीन मीटर धरा. ताशी १० किलोमीटरने, म्हणजे साधं धावत निघालेल्या माणसाला तेवढं अंतर कापायला सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. इकडे दार उघडायचं, एकाने बाहेर यायचं, बऱ्याचदा दुसऱ्याने आत जायचं आणि दार ओढून घ्यायचं, हे कितीही चपळाईने केलं तरी तीन-चार सेकंद जातात. दुय्यम अडसर आहे तो या फरकासाठी. जाळीचं किंवा गजांचं घडीचं फाटक गॅलीच्या किंवा स्वच्छतागृहाच्या भिंतीला मिटून ठेवलेलं असतं. कॉकपिटचं दार उघडण्याआधी ते आडवं ओढून पलीकडच्या भिंतीला अडकवायचं, दार पुन्हा लागलं की परत मिटवायचं. कुणाला तासभर थोपवून धरावं अशी त्याच्याकडून अपेक्षाच नाही. मुख्य दार लागेपर्यंतचा वेळ त्याने मिळवून द्यायचा.

अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यात या तरतुदीला व्हिक्टर सॅरासिनी यांचं नाव आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरणकर्त्यांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यावर आदळवलेल्या युनायटेड १७५ या बोईंग ७६७ विमानाचे ते कॅप्टन होते. त्यांच्या पत्नी एलन सॅरासिनी यांनी या अडसरासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला.

अडसर नसलेल्या विमानांत आजवर चालत आलेली पद्धत अशी : केबिन क्रूपैकी एकाने खाण्यापिण्याची ट्रॉली आडवी लावायची आणि तिच्या मागे प्रवाशांकडे तोंड करून उभं राहायचं. ट्रॉली, माणूस आणि कायमचा अडसर या तिन्ही उपायांची तुलना विमान क्षेत्रासाठी मानकं सुचवणाऱ्या आरटीसीए या संस्थेच्या २०११ मधल्या डीओ-३२९ या अहवालात आहे. आमचं मत स्पष्ट आहे. निःशस्त्र माणसाला दाराची कडी म्हणून उभं करणं हा तात्पुरता तोडगा होता आणि तो वीस वर्षांहून जास्त काळ चालू दिला गेला, ही चूक झाली.

प्रश्न : नियमात 'अडसर' याचा नेमका अर्थ काय? जाड कापडी पडदा किंवा पट्टा चालेल का?

उत्तर : नियमातले आकडे पाहिले तर पडदा बादच होतो. अमेरिकेच्या विमान-योग्यता नियमांतलं कलम २५.७९५ यासाठी पाहावं लागतं. अडसर लावलेला असताना कॉकपिटच्या दिशेने ६०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २७२ किलो वजनाइतका जोर त्याने सोसला पाहिजे. उलट, प्रवाशांच्या बाजूला ओढणारा जोर २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलो वजनाइतका धरला आहे. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. ढकलताना अंगाचं सगळं वजन आणि धावण्याचा वेग कामी येतो, मागून आणखी माणसं रेटू शकतात. ओढताना हाताच्या पकडीला मर्यादा पडते. जोर लावून पाहायचा तो अडसर जिथे सर्वांत कच्चा असेल त्याच जागी. मधोमध भक्कम आणि खिट्टीपाशी लेचापेचा असलेला अडसर उत्तीर्ण होत नाही.

वेळेची अट त्याहून महत्त्वाची. घुसू पाहणाऱ्याला निदान पाच सेकंद रोखलं पाहिजे. आणि त्या विमानात दार उघडून पुन्हा लावायला पाचाहून जास्त सेकंद लागत असतील, तर तेवढे सेकंद. म्हणून एकाच कंपनीने दोन जातींच्या विमानांत एकच अडसर बसवला तरी चाचणी दोन्हीकडे वेगळी करावी लागते. दाराची रुंदी, ते आत उघडतं की बाहेर, गॅलीची अडचण, सगळ्यांनी सेकंद बदलतात.

आणखी तीन अटी आहेत. अडसरातून हात घालून कॉकपिटच्या दाराला स्पर्श करता येता कामा नये. त्याच्या आरपार दिसलं पाहिजे, म्हणजे दाराशी उभ्या असलेल्याला केबिनमधली हालचाल टिपता येईल. आणि क्रूची गरजेची कामं अडता कामा नयेत. पहिल्या दोन अटी एकमेकींशी भांडतात : आरपार दिसायचं तर भोकं मोठी हवीत, हात जाऊ द्यायचा नाही तर लहान. त्यातून मार्ग दोनच, जाळी बारीक करायची किंवा अडसर दारापासून हातभर लांब बसवायचा. अरुंद विमानांत हातभर जागा काढणं हेच सगळ्यांत कठीण जातं.

प्रश्न : आणि मुख्य दाराचे निकष काय आहेत?

उत्तर : ३०० ज्यूलचा धक्का सोसणं ही पहिली अट. ७५ किलोचा माणूस ताशी १० किलोमीटरने धावत येऊन खांद्याने आदळला तर साधारण एवढी ऊर्जा होते. दुसरी, दाराची मूठ २५० पौंडांच्या जोराने ओढत राहिलं तरी दार उघडता कामा नये. तिसरी अट गोळीची : ८ ग्रॅमची ९ मिलिमीटरची आणि १५.६ ग्रॅमची .४४ मॅग्नम, दोन्ही सेकंदाला ४३६ मीटर वेगाने आल्या तरी पार होता कामा नयेत. हातबॉम्बसारख्या स्फोटकांचे तुकडेही त्याने अडवायचे असतात.

प्रश्न : कायदा २०१८ चा आहे म्हणता, मग आजही बहुतेक विमानांत हा अडसर का दिसत नाही?

उत्तर : कारण कायदा, नियम आणि प्रत्यक्ष विमान या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीवर वर्षं गेली.

५ ऑक्टोबर २०१८ रोजी मंजूर झालेल्या कायद्याच्या कलम ३३६ ने फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेला, म्हणजे एफएएला, वर्षभरात आदेश काढायला सांगितलं. एफएएने आधी तज्ज्ञांचा कार्यगट नेमला. त्याच्या शिफारशी २०२० मध्ये आल्या, नियमाचा मसुदा ऑगस्ट २०२२ मध्ये निघाला आणि अंतिम नियम जून २०२३ मध्ये. तो लागू झाला २५ ऑगस्ट २०२३ ला. उत्पादकांना दोन वर्षांची सवलत होती, म्हणून २५ ऑगस्ट २०२५ नंतर तयार होणाऱ्या विमानांत अडसर हवा, असं ठरलं. तोही दिवस जवळ आला तेव्हा विमान कंपन्यांनी मंजूर कार्यपद्धती आणि प्रशिक्षण तयार नसल्याचं कारण दिलं, आणि एफएएने जुलै २०२५ मध्ये त्यांना आणखी सुमारे वर्षभराची मुदत दिली. एका वर्षात व्हायच्या कामाला अशी आठ वर्षं लागत आहेत.

यातली मोठी मेख 'नव्याने तयार होणाऱ्या' या शब्दांत आहे. प्रवासी विमान सहज पंचवीस वर्षं उडतं. आधीच सेवेत असलेली विमानं वगळली, तर शेवटचं बिनअडसराचं विमान निवृत्त व्हायला २०५० उजाडेल. हे ओळखून १६ मे २०२४ च्या कायद्यात जुन्या विमानांचा विषय घेतला गेला आणि त्यासाठी शिफारशी करणारी समिती नेमायला एफएएला सांगितलं गेलं. पण जुन्या विमानात अडसर बसवणं म्हणजे चार स्क्रू मारणं नव्हे. अडसर ज्या भिंतींना अडकतो त्या गॅलीच्या आणि स्वच्छतागृहाच्या हलक्या पॅनेलच्या भिंती असतात. ६०० पौंडांचा आडवा जोर धरून त्या बनवलेल्या नसतात. मग आतून आधार द्यावा लागतो, वजन वाढतं आणि त्या विशिष्ट मांडणीला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. एकाच कंपनीकडे एकाच जातीच्या विमानांच्या तीन-चार मांडण्या असू शकतात. अडचण खरी आहे. पण २००१ नंतर दीड वर्षाच्या आत अमेरिकेतल्या सगळ्या प्रवासी विमानांची मुख्य दारं बदलली होती, आणि तेही जुन्याच विमानांत.

प्रश्न : २००१ पूर्वी कॉकपिटचं दार एवढं तकलादू का असायचं?

उत्तर : तेव्हा त्या दाराकडून वेगळ्या अपेक्षा होत्या. अपघातानंतर वैमानिकांना दार फोडून बाहेर पडता यावं, बचाव पथकाला आत शिरता यावं, कॉकपिट किंवा केबिनमधला दाब एकाएकी गेला तर हवा पलीकडे जायला वाट मिळावी. हलकं पॅनेल आणि साधी कडी यासाठी पुरेशी होती. दार कुलूपबंद ठेवायचा नियम होताच, पण किल्ली केबिन क्रूकडेही असायची.

शिवाय अपहरणाबद्दलची तेव्हाची समजूतच वेगळी होती. अपहरणकर्त्याला विमान कुठेतरी उतरवून वाटाघाटी करायच्या असतात, म्हणून क्रूने त्याच्या कलाने घ्यावं, वेळ काढावा, असं शिकवलं जायचं. विमानच शस्त्र म्हणून वापरलं जाईल हे त्या शिकवणुकीत नव्हतं.

१९ नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने चित्र बदललं. त्याआधीच, ऑक्टोबरपासून, जुन्या दारांना आतून आडव्या पट्ट्या आणि जादा खिट्ट्या बसवायला तात्पुरती परवानगी दिली गेली होती. पूर्ण मजबूत दारांसाठी ९ एप्रिल २००३ ही मुदत होती, आणि अमेरिकेत ये-जा करणाऱ्या परदेशी प्रवासी विमानांनाही तीच तारीख लावली.

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा एक तुकडा हवेत निखळला तेव्हा कॉकपिटचं दार आपोआप उघडलं म्हणे. मग इतक्या मजबुतीचा उपयोग काय?

उत्तर : ते दार बिघडलं म्हणून उघडलं नाही. ते तसंच बनवलेलं होतं.

५ जानेवारी २०२४ रोजी उड्डाण १२८२ हे बोईंग ७३७ मॅक्स ९ विमान सुमारे १६,००० फुटांवर असताना बंद केलेल्या दाराच्या जागचं पॅनेल निखळलं. केबिनमधली हवा क्षणात बाहेर गेली. कॉकपिटमधली हवा मात्र दारामागे अडकलेली. दार साधारण १.१ चौरस मीटरचं धरा. दोन्ही बाजूंच्या दाबात चौरस इंचाला फक्त १ पौंडाचा फरक असला, तरी त्या दारावर पाऊण टनाहून जास्त भार येतो. हा भार दाराने नाही सोडला, तर भिंत किंवा जमीन कुठेतरी सोडते. १९७४ मध्ये पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चं मालकक्षाचं दार उडालं, वर-खालच्या दाबातल्या फरकाने केबिनची जमीन खचली, तिच्यातून गेलेल्या नियंत्रणाच्या तारा तुटल्या आणि ३४६ जण गेले.

म्हणून मजबूत दारालाही दाब सोडण्याची सोय ठेवावीच लागते. कुठे दारातलीच झडप उघडते, कुठे दाबातला फरक जाणवताच विजेवर चालणाऱ्या खिट्ट्या सुटतात.

१२८२ मध्ये खरी चूक वेगळीच होती. दार असं उघडू शकतं हे क्रूला कुणी सांगितलंच नव्हतं. दार जोरात उघडून पुढच्या स्वच्छतागृहाच्या दारावर आदळलं, आणीबाणीत वाचायची लॅमिनेट केलेली यादी कॉकपिटमधून उडून गेली, सहवैमानिकाचा हेडसेट निघाला. ते दार पुन्हा लावायला केबिन क्रूला तीनदा प्रयत्न करावा लागला. नंतर उत्पादकाने पुस्तिकेत ही माहिती घालायचं मान्य केलं. कुलपाचं रहस्य बाहेरच्यांपासून जपायचं हे रास्तच, पण त्या कुलपामागे बसणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

प्रश्न : जर्मनविंग्जच्या अपघातात कॅप्टनच बाहेर अडकला. मग बाहेरून उघडता येईल अशी गुप्त सोय कॅप्टनला का देत नाहीत?

उत्तर : हा प्रश्न सात वाचकांनी विचारला आहे, आणि दाराच्या सगळ्या रचनेतला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

२४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेल्या उड्डाण ९५२५ चे कॅप्टन बाहेर गेले. सहवैमानिकाने आतून कुलूप लावलं आणि ३८,००० फुटांवरचं एअरबस ए३२० खाली आणायला सुरुवात केली. कॅप्टननी हाका मारल्या, दार ठोठावलं, शेवटी दारावर घाव घातले. सुमारे दहा मिनिटांत विमान आल्प्समध्ये आदळलं आणि १५० माणसं गेली. त्याआधी, २९ नोव्हेंबर २०१३ ला, मोझांबिकच्या लाम कंपनीच्या उड्डाण ४७० मध्ये कॅप्टनने सहवैमानिकाला बाहेर ठेवून असंच केलं होतं. एम्ब्राएर १९० विमान नामिबियात कोसळलं आणि ३३ जण गेले.

आता कुलूप कसं चालतं ते पाहा. ए३२० मध्ये वैमानिकांच्या मधल्या पॅनेलवर तीन स्थितींचा खटका असतो : उघड, नेहमीचं, बंद. बाहेर कीपॅड असतो. नेहमीच्या विनंतीला आत क्षणभर बझर वाजतो आणि आतला माणूस कॅमेऱ्यात पाहून खटका उघडवर नेतो. आतून उत्तरच आलं नाही, तर केबिन क्रू आणीबाणीचा क्रमांक दाबू शकतो. त्या जर्मनविंग्ज विमानात ठेवलेल्या वेळा तपास अहवालात दिल्या आहेत : बझर १५ सेकंद वाजत राहतो आणि तरीही आतून नकार आला नाही तर दार ५ सेकंदांसाठी सुटतं. आतून खटका बंदवर नेला, की कीपॅड ५ मिनिटं निकामी होतो.

आणीबाणीचा हा मार्ग ऐच्छिक नाही. वैमानिक बेशुद्ध पडले तर केबिन क्रूला आत जाता आलं पाहिजे, असं अमेरिकेचं कलम २५.७७२ सांगतं. त्यामागचं कारण समजायला १४ ऑगस्ट २००५ चं हेलिओस ५२२ आठवावं. बोईंग ७३७-३०० विमानात दाब राखणारी यंत्रणा स्वयंचलितवर नव्हती, प्राणवायूअभावी वैमानिकांची शुद्ध गेली. शेजारी उडणाऱ्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना अगदी शेवटी केबिन क्रूपैकी एक जण कॉकपिटमध्ये दिसला. तोवर इंधन संपत आलं होतं. १२१ जण गेले.

तर दाराला दोन माणसं ओळखता आली पाहिजेत : आत बेशुद्ध पडलेला, आणि आत शुद्धीत असून बाहेरच्याला ओळखून नकार देणारा. यंत्राला हा फरक एकाच गोष्टीवरून कळतो, ती म्हणजे खटका हलला की नाही. आतल्या नकारावर मात करणारा क्रमांक कॅप्टनला दिला, तर कॅप्टनच्या गळ्याला चाकू लावून तो काढून घेता येतो. मग दार मजबूत असण्याला अर्थ राहत नाही.

आणि बाहेरचा माणूस नेहमी योग्यच असतो असंही नाही. २७ मार्च २०१२ रोजी जेटब्लूच्या एका उड्डाणात कॅप्टनचंच मानसिक संतुलन बिघडलं. ते बाहेर आले तेव्हा सहवैमानिकाने दार आतून बंद करून घेतलं आणि विमान अमरिल्लोला सुखरूप उतरवलं. कॅप्टनचा क्रमांक सगळ्यांवर भारी असता तर त्या दिवशी काय झालं असतं?

जर्मनविंग्जच्या तपासातल्या शिफारशींचा रोख म्हणूनच कुलपाकडे नव्हता. तो वैमानिकांच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीकडे, डॉक्टरांनी गोपनीयता कधी मोडावी याकडे आणि परवाना गेला तर उपजीविका जाईल या भीतीने आजार लपवणाऱ्यांना आधार देण्याकडे होता. आम्हालाही तोच रस्ता बरोबर वाटतो.

प्रश्न : 'कॉकपिटमध्ये कायम दोघं' हा नियम युरोपने आणला आणि नंतर सैल केला. का?

उत्तर : अपघातानंतर तीनच दिवसांनी, २७ मार्च २०१५ ला, युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने तशी शिफारस केली होती. २०१६ मध्ये ती बदलून प्रत्येक कंपनीने स्वतःच्या जोखमीचा अभ्यास करून ठरवावं असं म्हटलं. कारण दाराशीच येऊन थांबतं. एक वैमानिक बाहेर जाणार म्हणून क्रूपैकी कुणी आत जायचं, तर दार जास्त वेळ उघडं राहतं आणि बाहेर पहारा देणारं एक माणूस कमी होतं. अमेरिकेत ही पद्धत आधीपासून आहे आणि चालू आहे. तिथे दुय्यम अडसराची निकड जास्त भासते, ती यामुळेही.

प्रश्न : आतल्या जादा आसनावर बसणाऱ्यांचं काय?

उत्तर : जंपसीटवर बसलेला माणूस दाराच्या आणि अडसराच्याही आत असतो, त्यामुळे या दोन्हींचा तिथे काही उपयोग नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी अलास्काच्या उड्डाण २०५९ मध्ये जंपसीटवरच्या, कामावर नसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांच्या आगप्रतिबंधक मुठी ओढायचा प्रयत्न केला. त्या पूर्ण ओढल्या तर इंजिनाचं इंधन तुटतं. वैमानिकांनी त्याला आवरून बाहेर काढलं आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. अमेरिकेत जंपसीटसाठी ओळख आणि नोकरी संगणकावर तपासतात. माणूस त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत आहे हे त्या तपासणीत कळत नाही.

प्रश्न : लहान मुलांना उड्डाणात कॉकपिट पाहता येईल का?

उत्तर : हवेत असताना नाही. विमान थांबलेलं असताना, प्रवासी चढता-उतरताना विनंती करून पाहा. परवानगी देणं न देणं कॅप्टनच्या हाती.

प्रश्न : वैमानिकांना पिस्तूल दिलं तर हे सगळं लागणारच नाही, नाही का?

उत्तर : अमेरिकेत नोव्हेंबर २००२ च्या कायद्याने ती सोय आहे. स्वेच्छेने पुढे आलेल्या वैमानिकांना प्रशिक्षण देऊन फेडरल अधिकाऱ्याचा दर्जा मिळतो. डिसेंबर २००३ मध्ये मालवाहू विमानांच्या वैमानिकांनाही त्यात घेतलं. पण त्यांचा अधिकार कॉकपिटपुरता आहे. केबिनमधलं भांडण सोडवायला पिस्तूल घेऊन बाहेर यायचं नसतं. म्हणजे त्याचा वापर होतो तो दार आणि अडसर दोन्ही हरल्यावर. धोकाही आहेच : मार्च २००८ मध्ये डेन्व्हरहून शार्लटला जाणाऱ्या उड्डाणात वैमानिकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि विमानाच्या भिंतीतून पार झाली. विमान सुखरूप उतरलं. तेव्हाच्या म्यानात पिस्तूल ठेवून चापाच्या कड्यातून कुलूप ओवावं लागे, त्यावर बरीच टीका झाली.

प्रश्न : अमेरिकेबाहेरच्या विमानांना काय बंधन आहे?

उत्तर : मजबूत दाराचं बंधन जगभर आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट ६ नुसार १ नोव्हेंबर २००३ पासून ४५,५०० किलोंहून जास्त उड्डाण-वजनाच्या किंवा ६० हून जास्त आसनांच्या प्रवासी विमानांत असं दार हवं. प्रवासी चढल्यावर बाहेरची दारं बंद झाली की ते कुलूपबंद, आणि उतरण्यासाठी बाहेरचं दार उघडेपर्यंत तसंच. दाराबाहेरचा सगळा भाग दोन्ही वैमानिकांच्या जागेवरून दिसला पाहिजे, आणि केबिन क्रूला वैमानिकांना गुपचूप इशारा देता आला पाहिजे. दुय्यम अडसराचा अमेरिकी नियम मात्र त्यांच्या स्वतःच्या प्रवासी कंपन्यांपुरता आहे.

प्रश्न : मी केबिन क्रूचं प्रशिक्षण घेते आहे. दार उघडताना काय क्रम पाळायचा आणि चुका कुठे होतात?

उत्तर : तुमच्या कंपनीची पुस्तिका हाच अंतिम शब्द. प्रत्येक पायरीमागचं कारण मात्र सगळीकडे सारखं आहे.

अमेरिकी नियम, कलम १२१.५८४, दोन खात्र्या मागतो : आवाजाने आणि डोळ्यांनी. आतला माणूस फोनवर बोलून आणि कॅमेऱ्यात किंवा दाराच्या भिंगातून पाहून ठरवतो की बाहेरची जागा मोकळी आहे आणि दार मागणाऱ्यावर कुणाचा दबाव नाही. म्हणून 'कॅप्टन बाहेर येताहेत' असं हातवाऱ्यांनी कळवणं चालत नाही, फोन करायचाच.

फोन करण्याआधी जागा तयार करा. पुढचं स्वच्छतागृह रिकामं आहे हे स्वतः आत डोकावून पाहा. दारावरची हिरवी पट्टी पाहून समाधान मानू नका, कडी न लावताही कुणी आत असू शकतं. रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशांना जागेवर बसवा. गॅलीचा पडदा ओढलेला असेल तर सरकवा. पडद्याआड एकांत मिळतो, पण तुम्हाला केबिन दिसत नाही, आणि दिसणं इथे महत्त्वाचं आहे. मग अडसर लावा आणि खिट्टी बसली का ते हाताने ओढून पाहा. अडसर नसेल तर ट्रॉली आडवी, आणि तिचा लाल पेडल पायाने पूर्ण दाबलेला. ब्रेक न लावलेली ट्रॉली कुणाला अडवत तर नाहीच, हादरा बसला की तुमच्याच अंगावर येते. तोंड प्रवाशांकडे, पाठ दाराकडे.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ओळखीमुळे. दिवसाचं चौथं उड्डाण, तोच कॅप्टन, तीच कॉफी. दार उघडं धरून दोन वाक्यं बोलली जातात, किंवा आधी कप आत जातो, मग आठवण होते आणि चमच्यासाठी दार पुन्हा उघडतं. द्यायचं ते सगळं एका ट्रेमध्ये तयार ठेवा. कॉफी द्यायची असेल तर वैमानिक बाहेर येतानाच द्या, वेगळ्याने दार उघडू नका. वैमानिक परत जाताना हाच क्रम पहिल्यापासून, फोनसकट. जाताना केलं होतं म्हणून येताना सूट नाही, कारण मधल्या चार मिनिटांत केबिन बदललेली असते.

हादरे बसत असतील, सीटबेल्टचा दिवा लागलेला असेल किंवा पुढच्या भागात कुणी प्रवासी वाद घालत असेल, तर फोनवर तसं स्पष्ट सांगा आणि दार उघडू नका. कॅप्टनला थांबायला सांगणं अवघड वाटतं, पण बाहेरची जागा तुम्हाला दिसते, त्यांना कॅमेऱ्यातून तुकडाच दिसतो.

आणि दार लागल्याचा आवाज म्हणजे कुलूप लागलं असं नाही. विजेवरची खिट्टी अर्धवट बसू शकते, दाराच्या फटीत गालिच्याची कड किंवा कागदी रुमालही अडकतो. आतल्या पॅनेलवरचा दार उघडं असल्याचा दिवा विझला, असं वैमानिकाने फोनवर सांगितल्यावरच अडसर मिटवा.